एक काळे बॉनेट, चार चौकोन

गाडी चमकवण्याचा नाद असलेल्या आम्हा चौघांची एक स्पर्धा आहे. तिला बक्षीस नाही, प्रेक्षक नाहीत आणि परीक्षकही आमचे आम्हीच. भंगारातून आणलेले काळ्या रंगाचे एक बॉनेट दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवायचे, मास्किंग टेप लावून त्याचे चार चौकोन पाडायचे, कोणाच्या वाट्याला कोणता चौकोन हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि मग प्रत्येकाने आपल्या चौकोनातले चरे एका तासात पॉलिशिंग मशीनने घालवून दाखवायचे, एवढाच तिचा मामला. चौघांपैकी एक जण सुतारकाम करतो, एक मैत्रीण गणित शिकवते, एक जण छापखान्यात रंगांची जुळणी पाहतो आणि चौथा मी. गाड्यांच्या कामावर कोणाचेही पोट नाही, त्यामुळे हरण्या-जिंकण्याने कोणाचे काही बिघडत नाही. आणि बहुधा म्हणूनच आम्ही त्यावरून इतके मनापासून भांडतो.

आतापर्यंत चार फेऱ्या झाल्या. जवळपास प्रत्येक फेरीत कोणीतरी जिंकले आणि बहुतेक वेळा, निकाल लागून फार दिवस होत नाहीत तोच, तो चुकला असल्याचे दुसऱ्या कोणीतरी सिद्ध करून दाखवले. सुरुवातीला नियम एकच होता, वेळेचा. आता भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर अकरा कलमे आहेत आणि त्यांतले प्रत्येक कलम कोणाच्या तरी चलाखीमुळे किंवा कोणाच्या तरी चुकीमुळे आलेले आहे. एक माझ्या चुकीमुळे आले आहे. त्याविषयी पुढे सांगतोच.

आमचे हत्यार कशावर चालते ते आधी सांगायला हवे. कारखान्यातून रंगून निघालेल्या आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर चार थर असतात. पत्रा गंजू नये म्हणून रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला थर सर्वांत खाली, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यांत क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर ज्या थरावर आमची सगळी कारागिरी चालते तो थर एका केसाहून पातळ आहे. शिवाय चरा घालवायचा म्हणजे तो कशाने भरून काढायचा नसतो. त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट घासत घासत चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो. जे घासले ते गेले, ते परत चढवता येत नाही. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात, त्यामुळे तो फार पातळ झाला की काही काळाने पृष्ठभाग पांढरट पडतो आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. नखाला अडकणारा चरा पॉलिशने काढायला जाऊ नये, असा या छंदातला जुना ठोकताळा आहे तो एवढ्याचसाठी.

पहिली फेरी आम्ही बंद गॅरेजमध्ये, छताला लावलेल्या ट्यूबलाइटखाली घेतली. तास संपला, टेप निघाल्या आणि चारही चौकोन आरशासारखे दिसू लागले. गुप्त मतदान झाले आणि सुतार मित्र जिंकला. त्याच्या चौकोनाची तकाकी खरोखरच वेगळी होती. काळा रंग ओला असल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट बाहेर उन्हात ठेवले आणि आम्ही चौघेही गप्प झालो. त्याच्या चौकोनावर मोरपिसासारखे लांबट, धुरकट पट्टे उमटले होते आणि आपण डोके हलवले की तेही सोबत सरकत होते. या पट्ट्यांना होलोग्राम म्हणतात. एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी मशीन आणि लोकरीचे पॅड यांनी काम संपवले की ते हमखास उमटतात, कारण पॅडच्या फिरण्याच्या दिशेने हजारो बारीक रेघा एकाच वळणाच्या, एकाच ओळीत पडलेल्या असतात. ट्यूबलाइटचा प्रकाश लांबट आणि पसरट असल्याने त्याखाली त्या लपून राहतात. सूर्य एका बिंदूतून प्रकाश टाकतो. त्याच्यासमोर लपाछपी चालत नाही.

इथे थोडे विषयांतर वाटेल, पण चरे डोळ्याला कसे दिसतात हे समजून घेण्यात मला पॉलिशइतकाच आनंद मिळाला. काळ्या गाडीवर उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळे दिसतात आणि पाहणारा लगेच म्हणतो, ‘कोणीतरी गोल गोल फडके फिरवून गाडी पुसली आहे.’ बहुतेक वेळा तसे काही झालेले नसते. चरे सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. त्यांतले जे चरे प्रकाशाच्या प्रतिबिंबाला नेमके वळसा घालणाऱ्या दिशेत असतात, तेवढ्यांचाच प्रकाश उलटून आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि बाकीचे आपल्यापुरते अदृश्य राहतात. म्हणून टॉर्च हलवला की जाळेही हलते आणि त्याचा मध्य नेहमी टॉर्चच्या प्रतिबिंबावरच राहतो. रोजच्या घासण्यातल्या स्टीलच्या भांड्यावर हाच खेळ दिव्याखाली पाहता येतो. छापखान्यातल्या मित्राने हे पहिल्यांदा करून दाखवले, तेव्हा गणिताच्या मैत्रिणीने लगेच कागदावर आकृती काढून ते सिद्ध केले आणि सुतार मित्र तेवढ्यात आपल्या चौकोनावर पुन्हा एकदा फडके मारून आला, जणू पट्टे फडक्याने जाणार होते.

तर पहिले कलम ठरले: परीक्षण उन्हात व्हायचे आणि ऊन नसेल तर बाकीचे सगळे दिवे मालवून एकाच बारीक झोताच्या टॉर्चने. टॉर्च प्रत्येक चौकोनावर निदान तीन कोनांतून फिरवायचा. फोटोवरून निकाल लावायचा नाही, हे दुसरे कलम. कॅमेरा प्रतिबिंबावर फोकस करतो की रंगाच्या पृष्ठभागावर करतो, एवढ्यावर तेच चरे दिसतात किंवा गायब होतात. अर्ध्या भागावर टेप लावून ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवणारी जी छायाचित्रे पाहून आपण थक्क होतो, त्यांतली बरीचशी खरी असतात; पण खोटे काढायचे मनात आणले तर त्याला एक मिनिटही लागत नाही, हे आम्ही स्वतः काढून पाहिले आहे.

दुसरी फेरी छापखान्यातल्या मित्राने जिंकली. ऊन लख्ख होते, तिन्ही कोनांतून टॉर्च फिरला आणि त्याच्या चौकोनावर शोधूनही चरा सापडेना. रंगांची जुळणी पाहताना भिंगातून ठिपके मोजायची सवय असलेला माणूस, त्याची नजर आमच्यापेक्षा तयार, असे म्हणून आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत बॉनेट दोनदा शाम्पूने धुतले गेले. एका सकाळी पाहतो तो त्याच्या चौकोनात निम्म्याहून अधिक चरे परत हजर. त्याला विचारले, तर तो हसू दाबत म्हणाला, “अरे, चरे दिसता कामा नयेत असे म्हणाला होतात तुम्ही. ते गेले पाहिजेत असे कुठे म्हणालात?” त्याने शेवटचा हात चरे बुजवणाऱ्या ग्लेझचा मारला होता. ग्लेझमधली तेले आणि भरणद्रव्ये चऱ्यांत बसतात, चऱ्याच्या कडांवरून विखुरणारा प्रकाश थांबतो आणि रंग गुळगुळीत भासतो. दोन-चार धुण्यांत ती निघून गेली की चरे होते तिथेच असतात.

मित्राची चलाखी बोलता बोलता हसण्यावारी गेली, पण मला त्यातून एक अस्वस्थ करणारा शोध लागला. मी ग्लेझ वापरले नव्हते, तरी माझ्याही चौकोनात थोडेसे चरे परत आले होते. कारण साधे आहे. बहुतेक पॉलिशमध्ये कणांना वंगण मिळावे म्हणून तेले असतातच आणि ती पुसल्यानंतरही पातळ थराने मागे राहतात. म्हणजे फसवायचे मनात नसलेला माणूसही स्वतःला फसवत असतो. घरच्या गाडीवर आपण केलेल्या कामाचे आपणच कौतुक करत होतो, त्यात पॉलिश किती आणि तेल किती, असा प्रश्न मला त्या दिवसानंतर कायमचा चिकटला. आता कोणताही चौकोन दाखवण्याआधी तो पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि निकाल दोन धुण्यांनंतरच लावायचा, अशी कलमे आहेत. त्यातही वाद झालाच. क्लिअर कोट मऊ असेल तर अल्कोहोलचे फडके ओढतानाच नव्या बारीक रेघा पडतात, अशी सुतार मित्राची हरकत होती आणि ती खरी निघाली. म्हणून फडके नवे, दाट लवेचे आणि चांगले भिजवलेलेच हवे, असे पोटकलम आले.

मऊ आणि कठीण हा भेद बाहेरच्या माणसाला ऐकून नवल वाटते, पण आमच्या कामात तो फार मोठा आहे. सगळ्या कंपन्यांचा क्लिअर कोट सारखा नसतो. मर्सिडीज-बेंझने २००३ मध्ये सूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला, चरे कमी पडावेत असा क्लिअर कोट बाजारात आणला. असल्या कठीण रंगावर चरे उशिरा पडतात, पण पडले की काढताना घाम फुटतो. उलट काही गाड्यांचा रंग इतका मऊ असतो की चरे एका फेरीत निघतात आणि शेवटचा स्वच्छ हात मारताना मात्र पॅडचेच ओरखडे राहतात. त्यामुळे गाडीवर सरसकट काम सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा चौकोन आखून, सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करून, काम भागत नसेल तरच पुढच्या पायरीवर जायचे, ही शहाणपणाची रीत आहे. स्पर्धेत चौघांनाही एकाच बॉनेटवर काम करायला लावतो ते याच कारणाने. दोन वेगळ्या गाड्यांवरच्या दोन कामांची तुलना करणे म्हणजे साग आणि सावर यांवर रंधा मारून कोणाचा हात चांगला ते ठरवण्यासारखे, असे सुतार मित्राचे मत.

पण मग प्रत्येक फेरीपूर्वी बॉनेटवर पुन्हा चरे पाडावे लागतात आणि तेही चारही चौकोनांत सारखे. हे काम किती अवघड आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. पहिल्यांदा धुळीचे कोरडे फडके चौघांनी चार बाजूंनी चोळले, तर ज्याचा हात जड त्याच्या चौकोनाचे वाटोळे झाले. आता एकच माणूस, एकच फडके, चारही चौकोनांवर सारखेच मोजून हात फिरवतो आणि चिठ्ठ्या त्यानंतर टाकल्या जातात, म्हणजे त्याला स्वतःसाठी हलके चरे राखून ठेवता येत नाहीत. चांगली नवी गाडी साध्या कोरड्या फडक्याने पुसून आपण रोज तिचे काय करत असतो, याचे याहून स्पष्ट प्रात्यक्षिक मी पाहिलेले नाही.

तिसऱ्या फेरीच्या वेळी रंगाची जाडी मोजायचे यंत्र आले आणि स्पर्धेचे स्वरूपच पालटले. हे यंत्र मुठीएवढे असते. त्याचे टोक रंगावर टेकवले की लोखंडी पत्र्यावर चुंबकीय प्रेरणेने आणि ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहांच्या साहाय्याने ते पत्र्यापासूनचे अंतर मोजते आणि आकडा दाखवते. हा आकडा सगळ्या थरांचा मिळून असतो. एकट्या क्लिअर कोटची जाडी त्यातून कळत नाही. ती वेगळी सांगणारी अल्ट्रासॉनिक यंत्रे असतात, पण ती आमच्या आवाक्याबाहेरची. तरीही आधीचा आकडा वजा नंतरचा आकडा केला की तुम्ही किती घासले ते उघडे पडते. टोक एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी आकडा बदलतो, म्हणून गणिताच्या मैत्रिणीने पुठ्ठ्याचा एक साचा कापला. त्याला पाच भोके. प्रत्येक भोकात तीनदा मोजायचे आणि सरासरी घ्यायची. त्या साच्याचा एक कोपरा आता पॉलिशने माखून कडक झाला आहे, पण ती दुसरा कापू देत नाही.

त्या फेरीत सुतार मित्राने आपल्या चौकोनातला एकूण एक चरा काढला. त्यासाठी त्याने आधी ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह फिरवला होता, मग लोकरीचे पॅड, मग फोम. पहिल्या फेरीतल्या पट्ट्यांचा धडा तो विसरला नव्हता, त्यामुळे या वेळी होलोग्राम नावालाही नव्हते. यंत्राने सांगितले, नऊ मायक्रॉन गेले. मैत्रिणीच्या चौकोनात दोन बारीक चरे शिल्लक होते आणि गेले होते दोन मायक्रॉन. आता यांतला विजेता कोण?

या एका प्रश्नावर आम्ही जेवढे बोललो तेवढे चारही फेऱ्यांत मिळून बोललो नसू. सुतार मित्राचे म्हणणे असे की, स्पर्धा चरे काढण्याची आहे, उरलेला चरा हा अपुऱ्या कामाचा पुरावा आहे आणि नऊ मायक्रॉन गेले तरी बॉनेट काही फाटले नाही. मैत्रिणीचे म्हणणे असे की, चाळीस मायक्रॉनच्या थरातले नऊ म्हणजे जवळपास चौथा हिस्सा तू एका तासात खाल्लास, गाडीला अशा किती दुपारी परवडतील ते सांग. मी मैत्रिणीच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे. जो चरा पूर्ण काढायचा तर तीन मायक्रॉन अधिक जातील, तो कडा बोथट करून सोडून द्यावा. उन्हात तो जेमतेम दिसतो आणि पुढच्या वेळेसाठी रंग शिल्लक राहतो. पण सुतार मित्राची बाजू अगदीच पोकळ नव्हती, कारण ‘मी मुद्दाम सोडला’ आणि ‘मला जमला नाही’ या दोन चऱ्यांत पाहणाऱ्याला फरक करता येत नाही. शेवटी असे कलम केले की, कामाला सुरुवात करण्यापूर्वीच कोणते चरे सोडणार ते खडूने खूण करून जाहीर करायचे. जाहीर न केलेला चरा उरला तर गुण जातील आणि गेलेल्या प्रत्येक मायक्रॉनचेही गुण जातील. यंत्राचीच चूक मायक्रॉन-दोन मायक्रॉनची असू शकते, म्हणून तेवढ्या फरकावरून कोणी कोणाला हरवायचे नाही.

माझी चूक याच फेरीतली. बॉनेटला मधोमध एक उठावदार घडी होती आणि ती माझ्या चौकोनाच्या एका कडेने जात होती. घडीच्या माथ्यावर रंग मुळातच पातळ बसतो. शिवाय सपाट भागावर जो दाब पूर्ण पॅडवर पसरतो तो तिथे एका रेषेवर एकवटतो आणि उष्णताही तिथेच साठते. म्हणून अशा घड्यांवर टेप लावून मगच काम सुरू करायचे, हे मला पुस्तकी भाषेत तोंडपाठ होते. शेवटची दहा मिनिटे उरली होती, मी रोटरी हातात घेतली होती आणि टेप सुटून पॅडला गुंडाळू लागली म्हणून मी ती ओढून फेकून दिली. दोन-तीन हात मारल्यावर मशीन उचलले, तर पॅडच्या पिवळ्या फोमवर कोळशाचे बोट फिरवल्यासारखी काळी रेघ. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॉलिश करताना पॅडवर गाडीचा रंग येत नाही; येतो तेव्हा वरचा पारदर्शक थर संपलेला असतो. मी घडीवर बोट टेकवले. ती गरम होती आणि चार बोटांच्या लांबीत तिचा काळा रंग तुळतुळीत न राहता पाटीसारखा मंद दिसत होता. यंत्र वाकड्या भागावर नीट मोजत नाही, त्यामुळे ते आधी माझ्या मदतीलाही आले नसते. सपाट भागावर माझा आकडा ११६ होता आणि त्या आकड्याच्या भरवशावर मी निर्धास्त होतो.

भंगारातले बॉनेट होते म्हणून निभावले. कोणी टोमणा मारला नाही, हे मला जास्त लागले. सुतार मित्राने फक्त टेपचा गुंडाळा उचलून माझ्या हातात ठेवला. ‘घडी, कड आणि प्लास्टिकचा जोड यांवरची टेप कोणत्याही कारणाने काढल्यास त्या क्षणी स्पर्धकाचा तास संपला’, हे सातवे कलम माझ्या हस्ताक्षरात आहे.

चौथ्या फेरीत आम्ही रोटरीला रजा दिली आणि चौघांनीही दुहेरी गतीचे मशीन वापरायचे ठरवले. यात पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी त्याचा मध्य एका लहान वर्तुळात हेलकावे घेत राहतो. हे हेलकावे मशीनप्रमाणे ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचे असतात. पॅड एकाच जागी एकाच दिशेने घासत नसल्याने उष्णता कमी साठते आणि पट्टे उमटत नाहीत. त्या बदल्यात कापण्याचा वेग कमी मिळतो. नवशिका माणूस तो वेग हाताच्या जोराने भरून काढायला जातो आणि इथेच फसतो, कारण बेअरिंगवर मोकळे असलेले पॅड अति दाबाखाली फिरायचे थांबते आणि जागच्या जागी नुसते थरथरते. आवाज तोच राहतो, हाताला थरथर तीच लागते, काम मात्र होत नाही. यावर उपाय म्हणून पॅड ज्या चकतीवर चिकटते तिच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवायची. रेघ धूसर फिरताना दिसली तर सगळे ठीक, स्थिर दिसली तर हात हलका करायचा.

मैत्रिणीचे काम मी त्या फेरीत शेजारच्या चौकोनावर काम करता करता पाहिले. तिने पॅडवर पॉलिशचे चार लहान थेंब टाकले, मशीन बंद असतानाच ते चौकोनावर टेकवून पसरवले आणि मग सुरू केले. हात इतका सावकाश की पाहणाऱ्याला घाई व्हावी, सेकंदाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. एक हात आडवा, त्याला निम्मे झाकत दुसरा, तळापर्यंत गेल्यावर तेच उभे. प्रत्येक टप्प्यानंतर ती पॅड हवेच्या झोताने साफ करत होती, कारण घासून निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेले पॉलिश फोमच्या छिद्रांत साचून पॅड चिकट झाले की तेच नव्याने ओरखडे काढू लागते. एका तासात तिने मशीन जेवढा वेळ चालवले, जवळपास तेवढाच वेळ पॅड साफ करण्यात आणि टॉर्चने पाहण्यात घालवला. बाजूला माझे मशीन अखंड घोंघावत होते आणि मला वाटत होते की मी पुढे आहे.

निकाल या वेळी आंधळा ठेवला. सगळ्यांचे काम झाल्यावर बॉनेट एकाने फिरवून ठेवायचे, चौकोनांना अक्षरे द्यायची आणि बाकीच्यांनी ओळख नसताना गुण द्यायचे. कोणाचे काम कोणते ते आम्हाला आपोआप ओळखू येईल, असे वाटले होते. प्रत्यक्षात छापखान्यातल्या मित्राने स्वतःच्याच चौकोनाला सर्वांत कमी गुण दिले आणि वर त्याचे तीन दोषही समजावून सांगितले.

त्या फेरीसाठी कोणीतरी तकाकी मोजायचे यंत्रही मागून आणले होते. ते ठरावीक कोनातून पृष्ठभागावर प्रकाश टाकते आणि तेवढ्याच कोनातून किती परत आला ते मोजते, १.५६७ अपवर्तनांकाच्या काळ्या काचेचा आकडा १०० धरलेला असतो आणि अति चकचकीत पृष्ठभागासाठी २० अंशांचा कोन वापरतात. आम्हाला वाटले, आता वादच संपला. चारही चौकोनांचे आकडे ९०च्या पलीकडे आणि एकमेकांपासून दोन अंकांच्या आत आले. डोळ्याला मात्र दोन चौकोनांत दिवसाढवळ्या फरक दिसत होता. यंत्र सरळ परतणारा प्रकाश मोजते. प्रतिबिंबाच्या कडेने जो किंचित धुरकटपणा पसरतो, जो काळ्या रंगाची खोली हिरावून घेतो, तो त्या आकड्यात जवळजवळ उमटत नाही. छापखान्यातला मित्र याने भलताच खूश झाला. त्याच्या मते हे त्याने आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितले होते, जे खरे नाही.

मैत्रीण जिंकली. अडीच मायक्रॉन, जाहीर केलेला एक चरा, दोन धुण्यांनंतर बदल नाही. माझा नंबर तिसरा आला आणि माझ्या चौकोनात पॅड वेळेवर साफ न केल्याचे सगळे पुरावे होते.

पाचव्या फेरीसाठी सुतार मित्राने एक पांढरे दार आणले आहे. आम्ही त्याच्यावर नेहमीप्रमाणे चरे पाडले, दिवे मालवले, टॉर्च तीन कोनांतून फिरवला आणि आम्हाला काहीच दिसले नाही. पांढऱ्या रंगातून इतका प्रकाश चहूकडे परततो की चऱ्यांची चमक त्यात बुडून जाते. चरे आहेत हे चौघांनाही ठाऊक आहे, कारण ते आम्हीच पाडले. ते कोणाचे किती गेले हे कसे ठरवायचे, यावर गेला आठवडाभर चर्चा चालू आहे आणि भिंतीवरच्या कागदाला आज खाली आणखी एक कागद जोडावा लागला.